बंगालातली डावी आघाडी : परचा हातात होता तोवर

कासरा

डावी सरकारं का संपली यावर आपल्याकडे बोलणं निघालं की ते दोन वाक्यांत आटोपतं. सोव्हिएत संघ कोसळला, आणि लोकांना आता विकास हवा. पश्चिम बंगालला यातलं एकही धड लागू पडत नाही. सोव्हिएत संघ गेल्यावरही तिथली माकपच्या (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या) नेतृत्वाखालची डावी आघाडी आणखी वीस वर्षं सत्तेत होती, आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली ती कारखाना आणायला निघाल्यावर.

आकडे आधी. १९७७ मध्ये विधानसभेच्या २९४ पैकी २३१ जागा. २००६ मध्ये २३५, म्हणजे पहिल्या विजयापेक्षाही जास्त. २०११ मध्ये ६२. २०२१ मध्ये शून्य. चौतीस वर्षं राज्य केलेल्या आघाडीचा एकही आमदार निवडून आला नाही.

हे समजून घ्यायला सुरुवात शेवटापासून करू नये, ऑपरेशन बर्गापासून करावी. बर्गादार म्हणजे वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणारा, आपल्याकडचा बटईदार. १९५५ च्या भूसुधारणा कायद्यात त्याला संरक्षण होतं, पण महसुली कागदावर नाव असेल तरच. आणि नाव लागायचं नाही, कारण महसूल कर्मचारी गावात आला की दप्तर उघडायचा ते जमीनमालकाच्या ओसरीवर. वाटेकऱ्याने तिथे जाऊन, मालकाच्या डोळ्यांदेखत सांगायचं की ‘ही जमीन मी कसतो’. कोण सांगणार?

१९७८ मध्ये नेमकी हीच पद्धत बदलली. मंत्री बिनय चौधरी, भूसुधारणा आयुक्त देबब्रत बंद्योपाध्याय. वाटेकरी जिथे दाट आहेत ते भाग आधी निवडायचे. पथकाने तिथेच तळ ठोकायचा. बैठक संध्याकाळी, मजुरी आटोपल्यावर, आणि ती वाटेकऱ्यांच्या वस्तीतच. मग शिवारात जाऊन बांधावर उभं राहायचं आणि शेजारच्या कसणाऱ्यांसमोर पडताळणी करायची. यादी गावात लावायची, हरकती तिथेच ऐकायच्या, आणि परचा, म्हणजे नोंदीचा उतारा, वाटेकऱ्याच्या हातात द्यायचा. कायद्यातही एक कलम घातलेलं होतं : दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस मालकाच्या घरचा नसेल तर तो बर्गादार आहे असंच धरायचं. तसं नाही म्हणणाऱ्या मालकाने ते सिद्ध करायचं.

बी, खत, अवजारं वाटेकऱ्याने घातली तर पिकाचा ७५ टक्के वाटा त्याचा, मालकाने घातली तर निम्मं-निम्मं. हक्क वारसाने मुलाकडे जाणार. अशा सुमारे चौदा-पंधरा लाख नोंदी झाल्या. शिवाय कमाल जमीनधारणा कायद्यातून निघालेली सुमारे ११ लाख एकर जमीन वाटली गेली. १९७८ मध्येच त्रिस्तरीय पंचायतींच्या निवडणुका पक्षचिन्हांवर झाल्या आणि पुढे दर पाच वर्षांनी होत राहिल्या. पंचायतींना घटनेचं संरक्षण देणारी १९९३ ची घटनादुरुस्ती यायच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे.

माझा मुद्दा असा. परचा एकदा हातात पडला की वाटेकऱ्याला पुन्हा कोणाच्या दारात जायची गरज नव्हती. त्यानंतर सरकारने जे जे दिलं, दारिद्र्यरेषेचं कार्ड, रोजगाराचे दिवस, घरकुल, शाळेतली नोकरी, त्या प्रत्येकासाठी पक्षाच्या लोकल कमिटीच्या दारातून जावं लागलं. आघाडी निवडून येत राहिली त्यात पहिल्या गोष्टीची कृतज्ञता होती, आणि कोसळली त्यात दुसऱ्या गोष्टीचा साचलेला राग होता. पुरोगामी राजकारणाचा फेरविचार करायचा तर ‘लोकांना काय द्यायचं’ याच्या जोडीला ‘दिलेलं कोणाच्या ताब्यात राहतं’ हाही प्रश्न घ्यावा लागेल.

सातबारा

उत्तम मांडणी. आपल्या कूळ कायद्याशी ताडून पाहिलं तर ऑपरेशन बर्गाची मर्यादाही दिसते. आपल्या १९४८ च्या कायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी ताब्यात असलेलं कूळ कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानलं गेलं, मग कलम ३२-ग खाली किंमत ठरवायची आणि हप्ते भरायचे. यात फसवणूक भरपूर झाली. आधीच ‘राजीखुशीने’ जमिनी सोडून दिल्याचे जबाब लिहून घेतले गेले, कुळं हाकलली गेली. पण जे टिकले ते मालक झाले.

बंगालात वाटेकरी कायम वाटेकरीच राहिला. त्याला काढता येत नव्हतं, एवढंच. जमीन विकायचा अधिकार मालकाकडेच. १९७८ च्या परिस्थितीत हे शहाणपणाचं होतं, कारण तिथले बरेच जमीनमालकही लहान होते : शाळामास्तर, विधवा, कोलकात्यात कारकुनी करणारा मुलगा. त्यांची जमीन काढून घेतली असती तर गाव उभं फाटलं असतं. पण हा अर्धा हक्क तीस वर्षांनी सिंगूरला, टाटांच्या कारखान्यासाठी जमीन घेतली तेव्हा, महाग पडला.

आणि परचा हातात होता म्हणजे सगळं पक्कं होतं असंही नाही. राज्याच्याच २००४ च्या मानव विकास अहवालात नोंद झालेल्या बर्गादारांपैकी सुमारे १४ टक्क्यांची जमीन सुटल्याचं आलं आहे. जिथे संघटना सुस्तावली तिथे कागद एकटा पडला. म्हणजे कासरा यांच्या मांडणीत एक गाठ आहे : संघटनेशिवाय कागद टिकत नाही, आणि संघटना कागदाच्या आड उभी राहिली की लोक तिला कंटाळतात.

नोंदवही

सिंगूरवर तपशिलात लिहितो, कारण तिथलं बिघडणं दफ्तरातून सुरू झालं.

एकूण ९९७ एकर, हुगळी जिल्हा, दुर्गापूर महामार्गाला लागून. मे २००६ मध्ये, निवडणूक जिंकल्या जिंकल्या, टाटांच्या छोट्या गाडीच्या कारखान्याची घोषणा झाली. संपादन १८९४ च्या ब्रिटिशकालीन कायद्याने, म्हणजे संमतीची अट नाही आणि पुनर्वसनाचं कलम नाही.

बंगालच्या दफ्तरात शेतजमिनीचे ढोबळ दोन प्रकार आहेत, शाली आणि सुना. शाली म्हणजे सखल, एका भाताची. सुना म्हणजे उंचावरची, जास्त पिकांची. दर सुनाला जास्त. अडचण अशी की नोंदी जुन्या. मधल्या काळात कूपनलिका झाल्या, बटाटा आला, उन्हाळी भात आला, पण दफ्तरात ती जमीन शालीच राहिली. शेतकरी तीन पिकं घेतोय आणि त्याला भाव एका पिकाचा. ज्यांनी नंतर तिथे पाहण्या केल्या त्यांना मोबदला नाकारणाऱ्यांमध्ये अशी चुकीची वर्गवारी झालेले बरेच सापडले.

दुसरी गोष्ट बर्गादारांची. नोंदलेल्या बर्गादाराला जमिनीच्या किमतीच्या २५ टक्के. ज्याचं नाव कधी लागलंच नाही त्याला काहीच नाही, आणि शेतमजुराला तर यादीच नाही. म्हणजे शहरात राहणारा मालक धनादेश घेऊन मोकळा, आणि रोज त्या बांधावर जाणारा माणूस हातात काही न पडता बाहेर. डाव्या आघाडीचा मूळ मतदार यांतला कोण होता ते वेगळं सांगायला नको.

साधारण ४०० एकरांच्या मालकांनी मोबदला घ्यायला नकार दिला. डिसेंबर २००६ मध्ये विरोधी तृणमूल काँग्रेसच्या ममता बॅनर्जींचं उपोषण झालं. ३ ऑक्टोबर २००८ रोजी टाटांनी प्रकल्प हलवायचं जाहीर केलं आणि तो गुजरातेत साणंदला गेला.

नंदीग्राम त्याहून वाईट. तिथे रासायनिक प्रकल्पासाठी एक गुंठाही संपादित झालेला नव्हता. जानेवारी २००७ मध्ये हल्दिया विकास प्राधिकरणाची नोटीस फक्त लागली होती. सिंगूर डोळ्यांसमोर असल्यामुळे लोकांनी रस्ते खणले, पूल तोडले. १४ मार्चला पोलीस घुसले, गोळीबार झाला, १४ माणसं गेली. २००६ मध्ये याच मतदारसंघातून डाव्या आघाडीचाच, भाकपचा (भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा) आमदार निवडून आला होता. जमीन देऊन उभं राहिलेलं सरकार जमिनीसाठी गोळी चालवतं हे गावाने पाहिलं, आणि त्यानंतर कुठलाच खुलासा कामाला आला नाही.

लालबाग_१२

जमिनीवरच थांबलात तर उद्योगाची घाई का झाली ते कळणार नाही. १९५२ पासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत केंद्राचं मालवाहतूक समानीकरणाचं धोरण होतं. पोलाद देशात कुठेही साधारण एकाच भावाने मिळायचं. बंगाल-बिहारला खाणी आणि भट्ट्या दारात असल्याचा जो फायदा होता तो गेला, आणि मुंबई-पुण्याच्या कारखानदारीला तो मिळाला. आपल्या पट्ट्याच्या भरभराटीत या धोरणाचा वाटा आहे, हे मराठी माणसाने प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे.

त्यात १९६७ पासूनचे घेराव. मग भांडवल निघून गेलं. नंतरच्या काळात तर बंगालात संपापेक्षा मालकांच्या टाळेबंदीतच कामाचे दिवस जास्त बुडाले. तागाच्या गिरण्या वर्षातून काही महिने बंद ठेवायच्या, भविष्यनिर्वाह निधी थकवायचा, आणि मग कमी माणसांत सुरू करायच्या, ही मालकांची ठरलेली रीत. १९९४ मध्ये मुख्यमंत्री ज्योती बसूंनी नवं औद्योगिक धोरण मांडलं ते याच कोंडीतून. शेतीचं उत्पादन १९८० च्या दशकात झपाट्याने वाढलं आणि नंतर मंदावलं. सरासरी धारणा एक हेक्टरच्याही खाली. वाटेकऱ्याच्या शिकलेल्या मुलाला त्या तुकड्यात काय मिळणार होतं? ‘कृषी आमादेर भित्ति, शिल्प आमादेर भविष्यत’ ही त्यांच्यानंतरचे मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्यांची घोषणा माझ्या मते बरोबर होती. शेती पाया, उद्योग भविष्य. चूक संपादनाच्या रीतीत झाली, दिशेत नाही.

कासरा

लालबाग, दिशेबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. पण रीत चुकली ती का चुकली? १९७८ मध्ये संध्याकाळी वस्तीत बैठका घेणारं सरकार २००६ मध्ये तीच बैठक सिंगूरला घेऊ शकलं असतं. वर्गवारी दुरुस्त करायला एक पथक, बर्गादारांची नव्याने नोंद करायला दुसरं, आणि हे सगळं नोटिशीच्या आधी. पद्धत त्यांचीच होती, लेखी होती, अनुभवी माणसं हयात होती. देबब्रत बंद्योपाध्याय तर सरकारच्या विरोधात उभे राहिले आणि पुढे तृणमूलकडून राज्यसभेत गेले. ज्या माणसाने परचे वाटले तोच पलीकडे गेला, ही खूण मला सगळ्यांत बोलकी वाटते. गावात काय चाललंय ते कळायला अधिकाऱ्याला पाठवायची गरजच नाही, पक्षाला सगळं कळतं, असा समज तोवर घट्ट झाला होता.

अर्धविराम

कासरा यांचा शेवटचा मुद्दा उलगडून सांगते.

बंगालात गावकीतलं भांडण सोडवण्याला सालिशी म्हणतात. बांधाचं भांडण, नवरा-बायकोचं, चोरीचं. पूर्वी ते गावातले मातब्बर सोडवत. १९७८ नंतर ते काम पक्षाच्या कार्यालयात आलं आणि सुरुवातीला ही प्रगती होती, कारण तिथे मजुराच्या बायकोचंही ऐकून घेतलं जाई. पण वीस वर्षांनी चित्र असं की सालिशीला लोकल कमिटी, पोलिसात तक्रार करायची तर लोकल कमिटी, पोराला शाळेत शिक्षक व्हायचं तर लोकल कमिटी. अभ्यासक याला ‘पार्टी-समाज’ म्हणतात. जात, मशीद, देऊळ, तालीम या सगळ्यांच्या जागी एकच संस्था.

यात नेमकं काय बिघडतं? चुकीची बातमी वर जाते. शाखा सचिवाला गावात राग आहे हे दिसत असतं, पण तो राग त्याच्यावरच असल्यामुळे तो ते वर लिहीत नाही. विरोधी उमेदवार उभा राहू दिला नाही तर मतपेटीतूनही कळत नाही. २००३ च्या पंचायत निवडणुकीत सुमारे ११ टक्के जागा बिनविरोध झाल्या होत्या. (तृणमूलने २०१८ मध्ये तोच आकडा ३४ टक्क्यांवर नेला, म्हणजे यंत्र तेच, चालवणारे बदलले.) २००७ मध्ये बांकुडा, बर्धमान, बीरभूममध्ये रेशन दुकानदारांच्या घरांवर लोक चालून गेले, तेव्हा धान्य बाहेर विकलं जातंय हे पक्षाशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

आणि एक बाजू इथे कोणी काढली नाही. मुसलमानांच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल २००६ च्या नोव्हेंबरात आला. बंगालात मुसलमान लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याएवढे, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत २.१ टक्के. दंगली होऊ दिल्या नाहीत हे आघाडीचं मोठं काम, ते कोणी नाकारू नये. पण सुरक्षितता दिली म्हणून वाटा द्यायचा नाही असं होत नाही. नेतृत्वात भद्रलोक, म्हणजे ब्राह्मण, बैद्य, कायस्थ. वर्ग हा एकच धागा धरला की जात दिसत नाही, ही चूक आपल्याकडच्या डाव्यांनीही केली, आणि मुंबईत त्याची किंमत मोजली.

पश्चिमघाट

मग केरळ आणि त्रिपुरा? तिथेही डावेच होते.

कासरा

केरळात १९८२ पासून २०१६ पर्यंत प्रत्येक विधानसभा निवडणुकीत सत्ता बदलली. २०२१ मध्ये पहिल्यांदा डावी आघाडी पुन्हा निवडून आली, १४० पैकी ९९ जागा घेऊन. दर पाच वर्षांनी घरी बसावं लागलं की पक्ष गावावर चढून बसू शकत नाही. शिवाय १९९६ च्या लोकयोजनेत राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे दिला गेला, आणि १९९८ मध्ये कुडुंबश्री, म्हणजे बायकांच्या गटांची योजना, सुरू झाली. या दोन्ही गोष्टी काँग्रेस आघाडीच्या काळातही चालू राहिल्या. सरकार बदललं तरी त्या बाईचा गट मोडत नाही. मी परच्याबद्दल म्हणत होतो ते हेच.

त्रिपुरात १९९३ ते २०१८ सलग पंचवीस वर्षं, त्यातली वीस माणिक सरकार मुख्यमंत्री. त्यांच्या साधेपणाबद्दल विरोधकही बोट दाखवत नाहीत. पण कर्मचाऱ्यांना वेतन आयोग नीट लागू झाला नाही, आणि भरतीत नियम पाळले नाहीत म्हणून १०,३२३ शिक्षकांच्या नेमणुका उच्च न्यायालयाने रद्द केल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. छोट्या राज्यात दहा हजार घरं म्हणजे प्रत्येक पाड्यात एक. २०१८ मध्ये माकपला ४२ टक्क्यांच्या आसपास मतं पडूनही जागा ६० पैकी १६.

टक्केवारी

बंगालच्या मतांबद्दल एक गोष्ट सुटतेय. २०११ मध्ये हरतानाही डाव्या आघाडीकडे ४० टक्क्यांच्या आसपास मतं होती. खरी पडझड २०१६ ते २०१९ या तीन वर्षांत झाली. २०१६ च्या विधानसभेत डावे साधारण २६ टक्के, भाजप १० टक्के. २०१९ च्या लोकसभेत डावे साडेसात, भाजप ४०. तृणमूल दोन्ही वेळा ४३ ते ४५. तृणमूलचं फारसं हललं नाही, म्हणजे मत कुठून कुठे गेलं ते उघड आहे. ‘आगे राम, पोरे बाम’ असं गावागावात म्हटलं जायचं : आधी रामवाल्यांना आणू, डाव्यांचं नंतर बघू.

हा मतदार एका रात्रीत उजवा झाला असं मला वाटत नाही. पंचायत गेल्यावर तृणमूलच्या माराला तोंड द्यायला कोणीतरी हवं होतं. पक्ष-कार्यालयांना कुलपं लागली, कार्यकर्ते घरदार सोडून पळाले. जी संघटना संरक्षण देते म्हणून मत मिळत होतं, ती संरक्षण देऊ शकत नाही म्हटल्यावर मत दुसरीकडे गेलं.

करोनात डाव्यांच्या रेड व्हॉलंटियर्सच्या पोरांनी रात्री-अपरात्री ऑक्सिजन पोचवला, जादवपूरला श्रमजीवी कँटीनमध्ये वीस रुपयांत जेवण मिळत होतं. त्याच काळात, २०२१ मध्ये, विधानसभेत शून्य. सेवा केली म्हणून मत पडत नाही. मत पडतं ते उद्या ठाण्यात, पंचायतीत माझ्या बाजूने कोण उभं राहील या हिशेबाने.

लालबाग_१२

टक्केवारी, हे पटलं. त्यात भर : लक्ष्मीर भांडार, तृणमूल सरकारची बायकांच्या खात्यात दरमहा पैसे देणारी योजना. २०२१ मध्ये महिन्याला ५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना १०००. २०२४ मध्ये १००० आणि १२००. डाव्या कार्यकर्त्यांपैकी कितीतरी जणांनी याला भीक म्हटलं. आपल्याकडे लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांबद्दलही पुरोगामी मंडळींच्या तोंडी हाच शब्द ऐकला. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा खातं उघडलं आणि त्यात दर महिन्याला काही पडतंय, तिला तुम्ही भिकारी म्हणता आणि मग तिच्या पाड्यावर सभा घ्यायला जाता. रकमेवर बोला, निवडणुकीनंतर नावं कमी करतात त्यावर बोला. बाईवर बोलू नका.

डोंगरवाट

परच्यासारखी गोष्ट महाराष्ट्रात आज चालू आहे, म्हणून लिहितो. वनहक्क कायदा, २००६.

१३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करायचा. समितीने प्लॉटवर जाऊन पाहणी करायची, नकाशा करायचा, ग्रामसभेने ठराव करायचा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. पुरावे किमान दोन प्रकारचे हवेत. वनखात्याने पूर्वी अतिक्रमण म्हणून फाडलेली दंडाची पावती हा चांगला पुरावा, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने.

चुकतं ते ठरलेल्या जागी. कसतो दोन हेक्टर आणि मंजूर होतात वीस गुंठे, कारण मोजणीच्या दिवशी दावेदाराला बोलावलंच नाही. दावा फेटाळला पण लेखी कारण दिलं नाही. अपिलाला ६० दिवस असतात, ते उलटून जातात. पट्टा मिळाला पण सातबाऱ्यावर नोंद नाही, म्हणून पीककर्ज नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला माकपप्रणीत किसान सभेचा लाँग मार्च चालत आला, दहावीची परीक्षा होती म्हणून पोरांना त्रास नको म्हणत शेवटचा टप्पा रात्री चालला, त्यात मुख्य मागणी याच दाव्यांची होती.

त्यानंतर २०१९ मध्ये माकपचा विधानसभेत एकच आमदार, डहाणूचा. हे अपयश म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. ज्या गावात कार्यकर्त्याने समितीच्या पाच-सहा माणसांना नकाशा वाचायला, नमुना भरायला आणि फेटाळल्याचं कारण लेखी मागायला शिकवलं, तिथे तो कार्यकर्ता आला नाही तरी काम पुढे जातं. जिथे त्याने सगळ्यांचे कागद आपल्या पिशवीत ठेवले, तिथे तो आजारी पडला की पाडा थांबतो. सातबारा यांनी वर जी गाठ सांगितली ती एवढ्याने सुटत नाही, पण सैल होते.

सातबारा

डोंगरवाट, कागद पिशवीत न ठेवण्याची गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे.

नोंदवही, एक विचारायचं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचं संपादन रद्द केलं. तेव्हा नोंद नसलेल्या बर्गादारांचं काय झालं?

नोंदवही

३१ ऑगस्ट २०१६ चा निकाल. बारा आठवड्यांत जमीन परत करा, आणि ज्यांनी मोबदला घेतला आहे त्यांच्याकडून तो परत मागू नका, कारण दहा वर्षं जमीन त्यांच्याकडे नव्हती. त्याआधी, मोबदला नाकारणाऱ्या कुटुंबांना राज्य सरकारने महिन्याला २००० रुपये आणि दोन रुपये किलोने १६ किलो तांदूळ सुरू केला होता.

परत करायला सरकारने शेड पाडल्या, काँक्रीट उचकटलं, बांध नव्याने आखले. पण कारखान्यासाठी भराव टाकून जमीन उंच केली होती, खाली पाया होता, पाण्याचे जुने पाट बुजले होते. काही भागात भात आला, बऱ्याच भागात कुदळ मारली की खडी लागते.

परत कोणाला केली, तर दफ्तरात ज्यांचं नाव होतं त्यांना. बर्गादाराचं नाव नोंदलेलं असेल तर त्याचा हक्क जमिनीबरोबर आला. ज्याचं नाव १९७८ नंतरच्या कुठल्याही बैठकीत लागलं नव्हतं, तो २००६ मध्ये मोबदल्याच्या यादीत नव्हता आणि २०१६ मध्ये परतीच्या यादीतही नव्हता.